बायोफिल्टर बसवलाय? मग निदान या चुका टाळा

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात रबाळे, महापे, पावणे कुठेही जा, रड तीच. सॉल्व्हंटचा (रंग पातळ करणाऱ्या द्रवाचा) वास मारायला बायोफिल्टर, म्हणजे वासाची हवा जिवाणूंच्या ओल्या थरातून सोडणारी पेटी, बसवतात आणि मग त्याला एक्झॉस्ट फॅन समजून विसरून जातात. अरे आत जिवाणू आहेत, त्यांना पाणी लागतं!

पाण्यावरूनच सांगतो. मे महिना, रबाळ्यातलं एक पेंटचं युनिट, टोल्यूइन या सॉल्व्हंटचा वास परत यायला लागला म्हणून फोन. गेलो तर ऑपरेटर वरून पाइपने पाणी मारतोय, म्हणे रोज मारतो साहेब. वरचा थर गच्च ओला. साइडचं झाकण काढून जिवाणू राहतात त्या खालच्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) कोपरापर्यंत हात घातला तर नुसता कोरडा भुसा. हवा येते खालून, ती सुकी असली की आधी तळच सुकवते, त्यात जिवाणू सॉल्व्हंट खाताना उष्णता सोडतात ती वेगळीच, आणि कोकोपीट एकदा कडकडीत वाळलं की पटकन पाणी धरत नाही, भेगांतून निघून जातं, मग वासाची हवाही त्याच भेगांतून सरळ वर. हवा ओली करणारा ह्युमिडिफायर होता की, पण नोझल क्षाराने बुजलेले! सगळा माल फावड्याने उपसला, ड्रममध्ये भिजवला, परत भरला. दोन दिवस गेले.

ओलावा वजनाच्या ४० ते ६० टक्के हवा. मी खालून मूठभर माल काढून पिळतो, एखाददुसरा थेंब आला की बास, धार लागली तर हवा खेळत नाही आणि सडका वास सुटतो.

रंग सुकवायच्या ओव्हनची गरम हवा थेट सोडू नका, ४० अंशांच्या वर बहुतेक जिवाणू आचके देतात. ओव्हरस्प्रे, म्हणजे फवारताना उडालेले रंगाचे कण, आधीच अडवा.

दुसरं दुखणं घाईचं. तिसऱ्याच दिवशी आउटलेटला मीटर लावून "तुमचे जिवाणू चालत नाहीत" म्हणून फोन. विरजण लावून दर दहा मिनिटांनी झाकण उघडणारी माणसं ही! दोन-तीन आठवडे द्या. महागड्या कल्चरच्या बाटल्या मी घेत नाही, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) एरेशन टाकीतला, हवा सोडतात तिथला, जिवाणूंचा गाळ बादलीभर टाकतो.

आणि न विचारता रंग फवारायचा दुसरा बूथ जोडू नका. १० घनमीटर बेडला (कोकोपीटच्या थराला) तासाला ६०० घनमीटर हवा दिली तर बेडच्या मापाने जिवाणूंना वास खायला ६० सेकंद मिळतात, १२०० दिली की ३०. एका शेठनी जोडला, वर मलाच विचारतात वास का येतो.