क्रूझवर चढण्याचा दिवस : नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

क्रूझची तिकिटे काढून झाली की ओळखीचे लोक मला पहिल्यांदा कपड्यांबद्दल विचारतात. दुसरा प्रश्न जेवणाचा असतो आणि तिसरा जहाज किती हलते याचा. धक्क्यावर सोपवलेली बॅग पुन्हा हातात कधी येणार, हे आजवर एकानेही आपणहून विचारलेले नाही. आणि पहिल्या दिवशी हाल होतात ते बहुतेक याच एका गोष्टीमुळे. आठ-नऊ वेळा स्वतःच्या घरच्यांना आणि नात्यातल्या ज्येष्ठांना घेऊन मी हा प्रवास केला आहे. म्हणून या लेखात सामानाचा टप्पा सविस्तर लिहिते आणि बाकीचे टप्पे त्यांच्या योग्यतेप्रमाणे थोडक्यात उरकते.

घरून निघण्यापूर्वी

वेब चेक-इन घरीच करावे, बोर्डिंग पास आणि सामानाचे टॅग छापून घ्यावेत. तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळते का, हे मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावे. आपल्याकडे लग्नानंतर आधार कार्डावर एक आडनाव आणि पासपोर्टवर दुसरे असणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि मधले नाव कधी वडिलांचे तर कधी पतीचे असते. जे ओळखपत्र धक्क्यावर दाखवणार, त्याच्यावरून पाहूनच तिकीट काढावे आणि त्याची मूळ प्रत जवळ ठेवावी. जहाज परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी. घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान बाळ असेल तर पैसे भरण्याआधी कंपनीचे नियम वाचावेत. बहुतेक कंपन्या गरोदरपणाच्या २४ आठवड्यांनंतर आणि सहा महिन्यांखालील बाळाला प्रवेश देत नाहीत, आणि हा नियम धक्क्यावर विनवण्या करून बदलत नाही.

नाशिक ते धक्का

जहाज संध्याकाळी सुटणार म्हणून दुपारी पोचलो तरी चालेल, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नका. प्रवाशांची अंतिम यादी जहाज सुटण्यापूर्वी तयार करून द्यावी लागते, त्यामुळे चेक-इनची खिडकी तास-दोन तास आधीच बंद होते, आणि ती बंद झाल्यावर जहाज समोर उभे दिसत असले तरी चढता येत नाही. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो हे खरे. पण आमणेच्या पुढे भिवंडी आणि ठाणे आहेच, आणि तिथे अडकलेल्या गाडीतून जहाजाला फोन करून थांबवता येत नाही. माझा स्पष्ट सल्ला असा की सोबत ज्येष्ठ असतील तर आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करावा. ते शक्य नसेल तर नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस पकडावी. ती अकराच्या सुमारास सीएसएमटीला पोचवते आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने काही मिनिटांवर आहे.

टॅक्सीवाल्याला ‘जहाजाला जायचे आहे’ एवढेच सांगितले तर तो तुम्हाला माझगावला, भाऊच्या धक्क्यावर, नेऊ शकतो. तिथून मांडव्याच्या बोटी सुटतात. ‘बॅलार्ड पिअर, इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनल’ असे पूर्ण सांगावे आणि बोर्डिंग पासवर छापलेला प्रवेशद्वाराचा पत्ता दाखवावा.

सामान : इथे घाई करू नये

धक्क्यावर पोचल्यावर सर्वांत आधी मोठ्या बॅगा सोपवायच्या असतात. विमानतळावर आपण बॅग देतो आणि उतरल्यावर पट्ट्यावरून ती उचलतो, त्यामुळे इथेही तसेच असेल असे वाटते. प्रत्यक्षात शेकडो बॅगा एकत्र क्ष-किरण तपासणीतून जातात, पिंजऱ्यांच्या ढकलगाड्यांत भरल्या जातात, जहाजाच्या खालच्या मजल्यावर चढवल्या जातात, तिथे डेकप्रमाणे वेगळ्या केल्या जातात आणि मग एकेक करून केबिनच्या दारात आणून ठेवल्या जातात. दुपारी साडेबाराला दिलेली बॅग चारला मिळू शकते, तशीच रात्री नऊलाही मिळू शकते. मधला सगळा वेळ तुमच्याजवळ फक्त हातातली पिशवी असते.

आमच्या पहिल्या प्रवासात ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्या जेवणाआधी इन्सुलिन घेतात. इन्सुलिनचे पेन थंड राहावे म्हणून मी ते छोट्या थर्मासमध्ये घालून, थर्मास टॉवेलात गुंडाळून, मोठ्या बॅगेच्या मधोमध काळजीपूर्वक ठेवला होता. जहाजावर चढलो, जेवणाच्या डेकवर ताटे वाढून घेतली आणि सासूबाईंनी हात पुढे करून पेन मागितले, तेव्हा बॅग कुठे आहे हे मलाच काय, तिथल्या कर्मचाऱ्यांनाही सांगता येईना. त्यांचे ताट तसेच झाकून ठेवून आम्ही जहाजाच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासून इंजेक्शन दिले, त्याचे वेगळे पैसे आमच्या खात्यावर लागले, आणि त्या दिवशी दीड वाजता जेवणाऱ्या बाई पावणेचारला जेवल्या.

बॅग रात्री पावणेदहापर्यंत आली नाही, आणि त्याचे कारणही आम्हीच बॅगेत भरले होते. सासूबाईंच्या रोजच्या पूजेसाठी त्याच बॅगेत कापराची डबी आणि काडेपेटी ठेवली होती. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी मानली जाते, त्यामुळे पेट घेणारी कोणतीही वस्तू तपासणीत दिसली की बॅग बाजूला काढतात आणि प्रवाशाला बोलावून, त्याच्यासमोर उघडून, ती वस्तू काढून घेतात. जहाजभर दिलेली सूचना आम्ही ऐकली नव्हती, कारण आम्ही दवाखान्यात होतो. औषध आणि कापूर एकाच बॅगेत ठेवल्यामुळे कापराने औषध अडवून धरले.

तेव्हापासून मी सामान कसे भरते ते सांगते, आणि यात तडजोड करू नये असे माझे ठाम मत आहे. हातातल्या पिशवीत ओळखपत्रे, बोर्डिंग पास, सगळी औषधे (दोन दिवसांची नव्हे, संपूर्ण प्रवासाची) आणि डॉक्टरांची चिठ्ठी असते. चष्मा, चार्जर, दागिने, रोख रक्कम आणि प्रत्येकाचा एक हलका कपड्यांचा जोडही त्यातच असतो. मुले असतील तर पोहण्याचे कपडेही त्यातच ठेवावेत, कारण पोहण्याचा तलाव दुपारीच उघडलेला असतो आणि मुले बॅगेची वाट पाहत नाहीत. ही पिशवी अशी असावी की ती खांद्याला लावून तासभर रांगेत उभे राहता येईल आणि जिने चढता येतील. चाकांची छोटी बॅग घेतली तर जेवणाच्या गर्दीत ती ठेवायला जागा मिळत नाही. पाठीवरची साधी सॅक बरी.

मोठ्या बॅगेत काय नसावे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. उदबत्ती, कापूर, काडेपेटी, मेणबत्ती, इस्त्री, विजेची किटली, सुरी आणि अडकित्ता घरीच ठेवावेत. आजीच्या पानाच्या चंचीतला अडकित्ता क्ष-किरणांत लगेच दिसतो. नाशिककरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : आपल्याकडची वाइन कोणाला तरी चाखायला न्यावी असे आपल्याला फार वाटते, पण बाहेरची दारू जहाजावर नेण्याबाबत कंपन्यांचे नियम कडक असतात, आणि कपड्यांच्या घडीत लपवलेली बाटली बॅगेला हमखास तासन्‌तास मागे ठेवते. घरी केलेले पदार्थही बहुतेक ठिकाणी काढून घेतात. बंद पाकिटातला चिवडा चालेल का, हे कंपनीला आधी विचारावे. ‘आम्ही नेला होता, कोणी काही म्हटले नाही’ हा शेजाऱ्यांचा अनुभव तुमच्या कामी येईलच असे नाही.

आता टॅग. छापलेल्या टॅगवर तुमचे नाव आणि केबिनचा क्रमांक असतो, आणि खालच्या मजल्यावर बॅग वाटणाऱ्या माणसाकडे तुमच्याबद्दल तेवढीच माहिती असते. साध्या कागदाचा टॅग एका पिनेने लावला तर तो पिंजऱ्यात घासून फाटतो. मी तो चारपदरी दुमडते, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण गुंडाळते आणि हँडलभोवती फिरवून दोन्ही टोकांना तीन-तीन पिना मारते. शिवाय नाव, मोबाइल क्रमांक आणि केबिन क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी बॅगेच्या आत, अगदी वर ठेवते, म्हणजे टॅग गेला तरी बॅग उघडणाऱ्याला मालक सापडतो. बॅग सोपवण्यापूर्वी टॅगसह तिचा फोटो काढावा. काळ्या रंगाच्या सारख्या दिसणाऱ्या पन्नास बॅगांतून आपली बॅग कशी ओळखायची, हे स्वागतकक्षात तोंडी सांगण्यापेक्षा फोटो दाखवणे सोपे जाते.

धक्क्यावर सामान उचलणाऱ्यांपैकी कोणी गणवेश नसताना बॅग मागितली तर देऊ नये. बॅग ठरलेल्या काउंटरवरच द्यावी आणि किती नग दिले ते मोजून घ्यावे.

तपासणी, फोटो, कार्ड

बंदराच्या दारात ओळखपत्र, आत सुरक्षा तपासणी, मग काउंटरवर फोटो आणि हातात एक कार्ड, असा क्रम असतो. जहाज परदेशी जाणार असेल तर इमिग्रेशनची रांग वाढते. हे कार्ड म्हणजेच केबिनची किल्ली, जहाजावरचे पाकीट आणि ये-जा करण्याचा परवाना. ते दोरीला अडकवून गळ्यात घालावे. जहाजावर रोख चालत नाही. खर्च कार्डावर चढतो आणि शेवटी एकत्र बिल येते. चालताना त्रास होणाऱ्यांसाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी.

केबिन आणि पहिले जेवण

केबिन बहुधा दुपारी उशिरा मिळते, तोवर जेवून घ्यावे. जैन किंवा उपवासाचे जेवण हवे असेल तर ते आधी कळवलेले असले तरी पहिल्याच जेवणात वाढणाऱ्यांच्या प्रमुखाला पुन्हा सांगावे.

जहाज बंदरातून निघाले की किनाऱ्यावरचे नेटवर्क तास-दोन तासांत जाते आणि फोन जहाजाच्या उपग्रहावर चालणाऱ्या नेटवर्कला आपोआप जोडला जाऊ शकतो. त्याचे दर घरच्या दरांच्या कितीतरी पट असतात. घरी ‘पोचलो’ असा फोन करून झाला की फोन विमान-मोडवर टाकावा, आणि ज्येष्ठांचा फोन आपण स्वतः हातात घेऊन तसा करून द्यावा.

उलटीची भीती वाटणाऱ्यांनी गोळी जहाज हलू लागण्यापूर्वी घ्यायची असते. कोणती घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना नाशिकमध्येच विचारून घ्यावे. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर हालचाल सर्वांत कमी जाणवते, म्हणून अशा माणसाला दुपारी वरच्या गच्चीवर नेऊ नये.

सुरक्षेचा सराव

जहाज सुटण्यापूर्वी भोंग्याचे सात लहान आणि एक लांब आवाज होतात. त्या वेळी तुमच्या कार्डावर लिहिलेल्या जमण्याच्या जागी जायचे असते. काही जहाजांवर आधी केबिनमधल्या टीव्हीवर चित्रफीत पाहून मग तिथे हजेरी लावायची असते. पुष्कळ लोक हा वेळ फोटो काढण्यात घालवतात आणि ‘हे नुसते नाटक आहे, नाही गेलात तरी चालते’ असे नव्या प्रवाशांना सांगतात. या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकाला धडकून कलंडले आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव तोवर झालेलाच नव्हता, कारण तेव्हाच्या नियमानुसार तो चोवीस तासांत केव्हाही घेतला तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांचा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

सरावाला जाताना लिफ्ट न वापरता जिन्याने जावे, कारण खऱ्या प्रसंगी लिफ्ट वापरायची नसते. केबिनच्या दारातून बाहेर पडून जिना डावीकडे की उजवीकडे आणि वाटेत दारे किती, हे मुलांकडून मोठ्याने मोजून घ्यावे. सासूबाईंना मी दोनदा चालवत नेते : एकदा सरावाच्या वेळी, आणि एकदा रात्री झोपण्यापूर्वी, जेव्हा मार्गिकेत दुसरे कोणी नसते.

बॅग आल्यावर

रात्री नऊपर्यंत बॅग दारात आली नाही तर स्वागतकक्षात जाऊन आधी ‘सुरक्षा विभागाने बाजूला ठेवलेल्या सामानात आहे का’ असे विचारावे. बॅग तिथेच असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. आल्यावर ती रिकामी करून पलंगाखाली सरकवावी, पलंग त्यासाठीच उंच केलेले असतात. उतरण्याच्या आदल्या रात्री हाच क्रम उलटा होतो. नवा टॅग मिळतो आणि बॅग झोपण्यापूर्वी दाराबाहेर ठेवायची असते, तेव्हा सकाळचे कपडे, चपला आणि सकाळची औषधे त्याआधी बाहेर काढून सॅकमध्ये ठेवावीत.