गच्ची, दव आणि दुर्बीण

आकाश निरभ्र दिसलं की दुर्बीण उचलायची, गच्चीवर धावायचं आणि पाऊण तासात वैतागून खाली यायचं, असं नव्या हौशी मंडळींचं बऱ्याचदा होतं. गुरू ओढ्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा हलत राहतो, शनीचं कडं काही केल्या फोकसमध्ये येत नाही, आणि रात्र जरा चढली की भिंग धुरकट होतं. मग दुर्बीणच हलकी निघाली असं ठरवून तिची रवानगी माळ्यावर. तिचा दोष क्वचितच असतो. कधी हवा नडते, कधी घर नडतं: तापलेला स्लॅब, एसीचं बाहेरचं युनिट, जिन्यातला दिवा. यातलं बरंचसं संध्याकाळीच ओळखता येतं.

स्वच्छ हवा वेगळी, शांत हवा वेगळी

हा फरक कळला की रात्री कमी वाया जातात. हवेत धूळ, धूर, बाष्प कमी असेल तर फिकट गोष्टी दिसतात: देवयानीतली दीर्घिका, मृगातला तेजोमेघ, तारकागुच्छ. हवा शांत असेल, म्हणजे तिचे थर एकमेकांत घुसळत नसतील, तर बारीक तपशील दिसतो: ग्रह, चंद्रावरची विवरं, जोडतारे. दोन्ही एकाच रात्री जमून येणं तसं दुर्मीळ. पाऊस पडून गेल्यावर आकाश धुतल्यासारखं दिसतं, पण वर वारा सुटलेला असतो आणि तारे फडफडतात. अशा रात्री गुच्छ आणि दीर्घिका बघाव्यात. उलट किंचित धुरकट, कोंदट, पान हलत नाही अशा रात्री फिकट काहीच दिसत नाही, पण गुरूचे पट्टे कोरल्यासारखे दिसतात. धुरकट रात्र म्हणून दुर्बीण आत ठेवणारे नेमकी ग्रहांची रात्र घालवतात.

स्वच्छता तपासायला सप्तर्षी हाताशी आहेत. शेपटीतल्या मधल्या ताऱ्याकडे, वसिष्ठाकडे, बघा. त्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (जितका मोठा तितका तारा फिकट), साधारण २.२, शेजारच्या अरुंधतीची ४. सप्तर्षी चांगले वर आलेले असताना नुसत्या डोळ्यांनी अरुंधती सहज दिसली तर रात्र कामाची. डोळे बारीक करून शोधावी लागली तर चंद्र-ग्रहांवर समाधान माना. सप्तर्षी मावळलेले असतील तेव्हा कृत्तिका मोजा. सहा तारे सहज सुटे दिसले तर हवा छान आहे.

शांतता तपासताना मान वर करून डोक्यावरचे तारे बघा. क्षितिजालगतचा तारा नेहमीच लुकलुकतो. ३० अंश उंचीवर आपण डोक्यावरच्या दुप्पट हवेतून बघत असतो, १० अंशांवर साडेपाच पटींहून जास्त. व्याध उगवताना लाल-निळा चमकतो तो याच कारणाने. डोक्यावरचा तारा स्थिर असेल तर मोठं मॅग्निफिकेशन चालेल. तोही लुकलुकत असेल तर ८०-१०० पटींच्या वर जाऊ नका.

चंद्राला मोठं खळं पडलं असेल, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या वितीएवढ्या अंतरावर, साधारण २२ अंशांवर, गोल कडं असेल, तर वर हिमकणांच्या पातळ ढगांचा पडदा आहे. त्या रात्री फिकट गोष्टींचा नाद सोडा.

मोबाइलमध्ये बॅरोमीटर असेल तर एक खबरदारी. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो वर असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. त्यामुळे दुपारी चारचा उतार बघून पावसाची धास्ती घेऊ नका. आजच्या आठच्या आकड्याची तुलना कालच्या आठच्या आकड्याशी करा.

दवाचा हिशोब संध्याकाळी

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र पुरतं. ते भिंतीला टांगू नका, भिंत दिवसभराची ऊब सोडत असते. उघड्यावर, जमिनीपासून दीड मीटरवर, सावलीत ठेवा. आर्द्रतेचा आकडा खरा आहे का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून त्याचा ओला लगदा करा. मीठ विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि यंत्र हवाबंद पिशवीत दहा-बारा तास ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ७० दाखवत असेल तर पुढे दर वेळी ५ मिळवायचे.

आता तोंडी हिशोब. १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा, आलेला आकडा तापमानातून वजा करा. हा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन बसू लागतं ते. तापमान २४ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २० भागिले ५ म्हणजे ४, दवबिंदू साधारण २० अंश. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तोवर हे गणित ठीक चालतं.

पहाटेपर्यंत पारा दवबिंदूच्या खाली उतरणार असेल तर दव पडणारच. पण गोम अशी की भिंग त्याच्याही आधी भिजतं. उघड्या आकाशाकडे तोंड केलेली काच आपली उष्णता वर सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश गार होते. म्हणून तापमान आणि दवबिंदू यांत तीन अंशांहून कमी फरक उरला की दवाची तयारी करूनच वर जा. निरभ्र आणि निवांत रात्री दव सगळ्यात जास्त. हलकी झुळूक असेल तर हवा ढवळली जाते आणि दव लांबतं, पण नळी थरथरते.

जागा

दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडतो. दुर्बीण गच्चीच्या अशा कोपऱ्यात लावा जिथे दुपारनंतर टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली असते. अंगण किंवा गवत मिळालं तर गच्चीपेक्षा ते बरं. स्लॅबवर पाणी मारलं की तो लवकर निवतो हे खरं, मात्र मारायचं तर सूर्यास्ताआधी. रात्री मारलेलं पाणी तुमच्याच भिंगावर येऊन बसतं. एसीचं युनिट, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट, शेजारचं पत्र्याचं छप्पर यांच्या वरून बघावं लागू नये अशी दिशा निवडा. खिडकीतून तर बघूच नका. बंद काच प्रतिमा वाकडी करते, आणि उघडी ठेवली तर खोलीतली उबदार हवा लोटाने बाहेर पडत असते.

स्टँडचे पाय पूर्ण लांब करू नका. खुर्चीवर बसून बघता येईल एवढीच उंची ठेवा. मग नळीला बोटाने एक टिचकी मारा आणि आयपीसमधून, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगातून, बघा. तारा दोन सेकंदांत स्थिरावला तर उत्तम. चार-पाच सेकंद डोलत राहिला तर पायांचे स्क्रू आवळा आणि मध्ये दोन-तीन लिटर पाण्याचा कॅन बांधा. कॅन जमिनीला जेमतेम टेकलेला हवा, अधांतरी राहिला तर तोच लंबक होतो. पंप चालू असेल तर टाकीजवळ बघण्यात अर्थ नाही.

डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि जिन्यातला एक दिवा ती सेकंदात फुकट घालवतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा. टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाचे तीन-चार पदर चढवा, मोबाइल खिशात ठेवा.

काच हवेच्या तापमानाला येऊ द्या

आरसा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असेल तर त्याच्या तोंडावरून गरम हवेचा पडदा वर चढत राहतो. बाकी आकाश शांत असूनही ग्रह उकळताना दिसतो तो यामुळे. ८० मिमी व्यासाच्या भिंगाच्या दुर्बिणीला १५-२० मिनिटं पुरतात. १५० मिमी आरशाला पाऊण ते एक तास, २०० मिमीला तासाहून जास्त. आरशाच्या मागे १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्युटरचा पंखा लावला तर वेळ बराच वाचतो.

एसीच्या खोलीतून थेट बाहेर आणलेल्या दुर्बिणीचं नेमकं उलटं होतं. गार काच दमट हवेला भेटली की क्षणात पाणी धरते. अशी दुर्बीण पेटीतून किंवा बंद पिशवीतून बाहेर आणा आणि तासभर न उघडता तशीच राहू द्या. त्याहून सोपं म्हणजे संध्याकाळी ती साध्या खोलीत हलवून ठेवायची.

तयार झाली का, हे तारा सांगतो. मध्यम तेजाचा, उंचावरचा तारा आयपीसच्या बरोबर मध्यभागी आणा आणि फोकस किंचित बाहेर काढा. ताऱ्याची गोल चकती होईल, तिच्यात एकात एक वर्तुळं दिसतील. चकतीवरून एकाच दिशेला संथ लाटा चढत असतील तर नळीतली ऊब अजून गेलेली नाही. चकतीवरून झपाट्याने काही वाहत जाताना दिसलं तर तो वरचा वारा आहे, त्यावर इलाज नाही. वर्तुळं एका बाजूला दाटलेली असतील तर आरसे सरळ रेषेत नाहीत. पण हा निकाल काच निवल्यावरच द्या. आरसा निवायच्या आधी स्क्रू फिरवत बसणारे चांगली बसलेली दुर्बीण बिघडवतात.

दव पडलंच तर

कुठे पडतं ते आधी. भिंगाच्या दुर्बिणीत पुढचं भिंग, पुढे काच असलेल्या आखूड नळीच्या दुर्बिणीत ती काच, आरशाच्या लांब नळीत वरचा छोटा आरसा. तळातला मोठा आरसा नळीत खोल असतो, तो शेवटपर्यंत कोरडा राहतो. फाइंडर (नळीवरची छोटी शोधक दुर्बीण) आणि आयपीस सगळीकडेच भिजतात. आयपीसवर बरेचदा आपल्याच श्वासाची वाफ असते. न वापरलेले आयपीस टोपण लावून खिशात ठेवले की उबदार राहतात.

पुढची काच वाचवायला नळकांडं करा. व्यायामाच्या फोम चटईचा तुकडा यासाठी झकास: हलका, आणि उष्णता धरून ठेवणारा. लांबी नळीच्या व्यासाच्या दीडपट. नळी बाहेरून ११४ मिमी असेल तर लांबी १७ सेमी. रुंदीसाठी घेर काढा: ३.१४ गुणिले ११४ म्हणजे जवळपास ३६ सेमी. फोमच्या जाडीसाठी आणि एकावर एक येण्यासाठी ४ सेमी धरा, म्हणजे ४० सेमी. नळीवर अडकायला जे ३-४ सेमी जातात ते लांबीत वेगळे मिळवा. आतून काळा मॅट कागद, टोकाला वेल्क्रो. चकाकणारा काळा रंग नको, रस्त्यावरचे दिवे त्यात उजळतात. दृश्याच्या कडा काळवंडल्या तर नळकांडं दोन-दोन सेंटिमीटरने कापा.

तरी भिंग भिजलंच तर पुसायचं नाही. रुमालाने नाही, मऊ कापडानेही नाही. दवाखाली धूळ असते, पुसलं की तीच काचेवर ओरखडे पाडते आणि लेपन जातं. हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, हलता ठेवून अर्धा मिनिट फिरवा. नंतर चार-पाच मिनिटं चित्र पुन्हा उकळतं, तेवढं थांबा. ओल्या गच्चीवर विजेची वायर खेळवताना गळती ओळखून वीज तोडणारा स्विच लाइनवर हवाच. अनवाणी तर नकोच नको.

बघताना

सुरुवात नेहमी सगळ्यात लांब फोकसच्या आयपीसने. १२०० मिमी फोकसच्या दुर्बिणीत २५ मिमी फोकसचा आयपीस ४८ पट देतो, १० मिमीचा १२० पट. शनीचं कडं ३० पटींच्या आसपास कळतं. कॅसिनीने १६७५ मध्ये पाहिलेली कड्यातली काळी फट मात्र शांत हवेतच दिसते. कडी आपल्याकडे पुरेशी कललेली असताना त्या फटीवरून रात्र जोखता येते. चंद्र पौर्णिमेला सपाट दिसतो. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडतात, तेव्हा बघा.

दिवसा दुर्बीण बाहेर राहिली तर मुख्य नळी आणि फाइंडर दोन्हींना टोपण. सूर्यासाठी फिल्टर फक्त नळीच्या पुढच्या तोंडावर. आयपीसला लावायचे काळे फिल्टर उष्णतेने तडकतात, आणि डोळा कायमचा जातो.

आवरताना

बाहेरच टोपणं लावा आणि पिशवी बंद करून आत आणा, म्हणजे घरातल्या हवेतली वाफ काचेवर आणखी बसत नाही. पण तशीच बंद ठेवून झोपू नका. तासाभराने, दुर्बीण खोलीच्या तापमानाला आली की, सगळी टोपणं काढा आणि तोंड जमिनीकडे करून पंख्याखाली कोरडी होऊ द्या. पूर्ण सुकल्यावरच झाका. ओल्या भिंगावर टोपण लावून ठेवली की काही आठवड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसू लागते. ती काचेवरचं लेपन खाते, मग साफ केली तरी डाग राहतो. चामड्याची पेटी तर बुरशीचं माहेरघर. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि तेच आर्द्रतेचं यंत्र ठेवा. आकडा ४० ते ५० मध्ये असावा, ६० ओलांडला की जेल बदला. रंग बदललेलं जेल पुडीतून काढून ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा चालतं.

वहीत तारीख, आठ वाजताचं तापमान आणि आर्द्रता, वाऱ्याची दिशा, पाचापैकी स्वच्छता, पाचापैकी शांतता, आणि भिंगावर पहिलं दव दिसल्याची वेळ, असे रकाने ठेवा. शेवटचा रकाना चुकवू नका. दोन ऋतूंच्या नोंदी साठल्या की तुमच्या गच्चीवर दव तीन अंशांच्या फरकाला पडतं की दोनच्या, हे त्यातून कळतं, आणि हिशोबातला तो आकडा मग तुमच्यापुरता बदलून घेता येतो.