दिवसाचं वेबिल कसं लिहायचं

एसटीत कंडक्टर म्हणून माझी पहिली ड्युटी १९९१च्या जुलैतली, साताऱ्याहून बामणोलीची मुक्कामी गाडी. यवतेश्वरच्या घाटात असं धुकं की ड्रायव्हरमामा काचेला नाक लावून गाडी हाकत होते. मागच्या सीटवरच्या आजींच्या पाटीतली कोंबडी सुटली ती थेट माझ्या तिकिटांच्या ट्रेवर येऊन बसली. गठ्ठ्यावर तिच्या पायाचे ओले ठसे उमटले. आजही त्या एका फेरीबद्दल मी तासभर बोलू शकतो.

शेवटची १४ वर्षं मात्र सातारा–कोरेगाव केलं. माहुलीचा पूल, त्रिपुटी, कोरेगाव, परत. ती १४ वर्षं सांगायला बसलो तर हातातला चहा संपायच्या आत संपतात.

दिवाळी आत्ता तर झाली, परत आलीसुद्धा, असं साठीतला प्रत्येक जण म्हणतो. पॉल जाने नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने यावर गणित मांडलंय. दहा वर्षांच्या पोराला वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा, माझ्यासारख्याला साठावा, म्हणून ते आखूड वाटतं. हिशेब बिनचूक आहे, पण मला लागू पडेना. निवृत्तीनंतर लेकीकडे नागपूरला २० दिवस राहिलो, ते अजून साताऱ्यातल्या वर्षापेक्षा लांबलचक वाटतात. वयाचंच गणित असतं तर तेही आखूड व्हायला हवे होते. विल्यम जेम्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १८९० साली म्हणाला ते जास्त पटतं: वर्षागणिक अनुभव सवयीत मुरत जातो, सवयीची आपण दखल घेत नाही, आणि मागे वळून पाहिलं की सगळे दिवस सपाट दिसतात.

म्हणजे घड्याळं दोन. पंक्चर गाडीत बसून काढलेला तास जाता जात नाही, पण महिन्याने आठवला तर त्यातली पाच मिनिटंही हाती लागत नाहीत. तेव्हा चालू वेळ ताणत बसण्यात अर्थ नाही. नोंदी वाढवायच्या.

नातीने एकदा मोबाईलवर मिशेल सिफ्रची गोष्ट वाचून दाखवली. १९६२ साली हा २३ वर्षांचा फ्रेंच पोरगा घड्याळ न नेता आल्प्समधल्या गुहेत दोन महिने राहिला. बाहेर काढलं त्या दिवशी १४ सप्टेंबर होता, याच्या हिशेबाने २० ऑगस्ट. पंचवीस दिवसांचा फरक! मी म्हटलं, याचं वेबिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळलं नाही. सूर्य नाही, थांबा नाही, मग टप्पा कुठे मांडणार?

तिथूनच वेबिल सुचलं. ज्यांनी कंडक्टरकी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो: एसटीत ६ किलोमीटरचा एक टप्पा धरतात, आणि मशीन येण्याआधी, कागदी तिकिटांच्या काळात, वेबिलावर कोणत्या टप्प्याला तिकिटाचा कोणता नंबर आला ते मांडत जावं लागायचं. तसं दिवसाचं करायचं.

साधी वही घ्या. दिवसाचे चार टप्पे पाडा: उठल्यापासून आंघोळीपर्यंत, मग दुपारच्या जेवणापर्यंत, मग दिवेलागणीपर्यंत, मग निजेपर्यंत. टप्पा संपला की एक ओळ. ‘आज बरं वाटलं’ असली ओळ चालणार नाही, डोळ्याने पाहिलेलं किंवा कानाने ऐकलेलं हवं. आणि एकदा लिहिलेलं परत लिहायचं नाही. हीच खरी मेख. ‘चहा प्यायलो’ पहिल्या दिवशीच खर्ची पडतं. चौथ्या दिवसापासून माणूस लिहायला काही मिळावं म्हणून बघायला लागतो.

माझी एक ओळ: ‘घेवडा निवडला, दोन दाण्यांचे पट्टे सारखे नाहीत.’ कोरेगावचा वाघ्या घेवडा मी जन्मभर खाल्ला, कित्येकदा त्याची पोती गाडीवर चढताना पाहिली. पण दाणा तळहातावर घेऊन पाहिला तो आत्ता. फिकट अंगावर लालसर रेघा, कुठे तुटक, कुठे शाई फुटल्यासारख्या. पाव किलो निवडायला अर्धा तास गेला. मोबाईल दुसऱ्या खोलीत होता, तो तिथेच ठेवायचा.

श्वास मोजायचा एक वर्गही केला. गुण येत असेल लोकांना, मी सातव्या श्वासाला घोरायला लागायचो.

बाकी किरकोळ: मंडईला जाताना एका वाटेने जा, दुसरीने या. महिन्यातून एकदा न पाहिलेल्या गावाची एसटी धरा, खिडकीची जागा पकडा. ज्येष्ठांना सवलत आहेच.

सुरुवातीला कंटाळा येईल, येऊ द्या. आणि टप्पा चुकला तर कोरा सोडा, दुसऱ्या दिवशी आठवून भरू नका. नोकरीत एकदा गर्दीच्या नादात माझे दोन टप्पे मांडायचे राहिले आणि नेमके त्रिपुटीला तपासणीवाले चढले. घाईघाईने अंदाजे आकडे टाकले. त्यांनी ट्रेमधल्या नंबरांशी ताडून पाहिले, एक शब्द न बोलता पेन माझ्या खिशाला परत अडकवलं आणि रिपोर्ट केला.

हल्ली आमच्या हिनेही वही केलीय. परवा चोरून वाचली. संध्याकाळच्या टप्प्यात लिहिलंय: ‘ह्यांना तीन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करायला सांगितलं होतं. वही लिहीत बसले, सात झाल्या.’