कंटाळ्याला रील आणि निराशेला नवा कोर्स: या चुका टाळा

कंटाळा आणि निराशा ही दोन वेगळी दुखणी आहेत. कंटाळ्यात लक्ष कुठेतरी गुंतायला बघतं आणि त्याला गुंतायला जागा मिळत नाही. निराशेत ते नको तिथे गुंतून बसलेलं असतं, सुटत नाही. तरी दोन्हींवर एकच औषध चालतं, मोबाइल. पहिली चूक तीच.

कंटाळलेला माणूस रील बघतो असं म्हणतात, पण तो बघत नाही, ढकलतो. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली नेमकं हेच तपासलं. कंटाळा टाळायला लोक व्हिडिओ पुढे ढकलत होते आणि त्यानेच जास्त कंटाळत होते. एकच व्हिडिओ सलग पाहिला तेव्हा कंटाळा कमी वाटला. मोबाइल सोडवतच नसेल तर निदान एकच काहीतरी शेवटपर्यंत बघा.

त्याआधी कंटाळा कशाचा आहे ते ओळखा. काम फार सोपं असेल तर त्याला घड्याळ लावा: २० मिनिटांत एवढ्या नोंदी. फार अवघड असेल तर तुकडा पाडा, पूर्ण धडा नको, पहिली दोन उदाहरणं. आणि काम निरर्थक वाटत असेल तर ते कुणाच्या उपयोगी पडणार हे एका ओळीत लिहा. ओळ सुचलीच नाही, तर काम बदलायचा विचार करायला हरकत नाही. हे तिन्ही न तपासता 'मला काही जमतच नाही' म्हणणाऱ्यांना घाई फार असते.

बाहेर पडायचं तर प्रश्न घेऊन पडा. नाशिकच्या पांडवलेणीला जाऊन पायऱ्या चढायच्या, सेल्फी काढायचा, उतरून मिसळ खायची, यात कंटाळा फक्त जागा बदलतो. त्याऐवजी ३ नंबरचं आणि १० नंबरचं लेणं समोरासमोर ठेवून पाहा. दोन्हींची आखणी सारखी आहे. खांबांत, कोरीवकामात पाच फरक शोधा आणि कागदावर काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. तासभर कसा गेला कळत नाही, कारण डोळ्यांना काम मिळालेलं असतं. (मिसळ नंतर खाच, तिच्याशी भांडण नाही.)

आता निराशेतली सगळ्यात महागडी चूक: निकालाच्याच संध्याकाळी निर्णय घेणं. नाशकातल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, हा प्रसंग दर निकालाला घडतो. दोन-चार मार्कांनी यादी हुकते. सात वाजता मुलगा सगळे ग्रुप सोडतो, आठला पुस्तकं रद्दीत घालतो, रात्री अकराला कुठल्यातरी ऑनलाइन कोर्सचे हजारो रुपये भरतो. तीन आठवड्यांनी कोर्स अर्धवट पडतो, पुढच्या परीक्षेची जाहिरात येते, आणि तीच पुस्तकं पुन्हा विकत घ्यावी लागतात. पोरगं आळशी नसतं. त्या रात्री त्याला कोर्स नको होता, ती रात्र नको होती. दुखणं थांबावं म्हणून घेतलेला निर्णय दुखणं ओसरल्यावर उपयोगाचा उरत नाही.

यावर सोपी सवय लावा. तीन दिवस काही भरायचं नाही, काही विकायचं नाही, राजीनामा द्यायचा नाही. त्या दिवसांत रोज १५ मिनिटं हाताने लिहायचं, तीन रकान्यांत: काय अपेक्षा होती, काय झालं, त्यातलं माझ्या हातात काय होतं. पहिल्या दिवशी तिसरा रकाना एकतर कोरा राहतो किंवा शिव्यांनी भरतो. तिसऱ्या दिवशी त्यात 'गणिताला वेळ कमी दिला' असं काहीतरी उतरतं. चौथ्या दिवशी त्यातलं एकच काम, अर्ध्या तासात संपेल एवढंच, करायचं. 'उद्यापासून पहाटे चार' हा संकल्प नको, तो आठवड्यात मोडतो आणि वर दुसरी निराशा घेऊन येतो.

मित्रापाशी तासन्‌तास तेच उगाळू नका. एकदा पूर्ण सांगा, मग गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, चक्कर मारा आणि दुसरं बोला.

बेमोसमी पावसाने द्राक्षाचे मणी तडकलेल्या बागाईतदाराला 'पॉझिटिव्ह राहा' सांगू नका. पंचनाम्याचे कागद गोळा करायला सोबत जा.

दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक बिघडलेली असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर रकाने पुरे, डॉक्टर गाठा. जगणंच नको वाटत असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

राहिली मुलं. सुट्टीत 'बोअर होतंय' ऐकलं की लगेच शिबिराचा फॉर्म भरू नका. पहिली २० मिनिटं कुरकुर होते, मग ओट्याखालचे डबे बाहेर निघतात. तो आवाज सहन करा.