शाळेभोवतीचे १०० यार्ड कसे मोजायचे आणि कसे टिकवायचे

शाळेजवळची तंबाखूविक्री थांबवायची तर आधी अंतर मोजावं लागतं. सामान थोडंच लागतं. ३० मीटरचा फायबरचा टेप (नसेल तर गवंड्याकडून अर्ध्या दिवसापुरता मागून आणा), खडू, तारीख-वेळ उमटणारा मोबाइल कॅमेरा, शाळेच्या जागेचा मोजणी नकाशा आणि तीन माणसं. दोघं टेप धरतील, तिसरा वहीत लिहील. लिहिणारा शाळा व्यवस्थापन समितीतला असला तर बरं, कारण पुढे सही त्याचीच लागते.

सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांच्या २००३ च्या कायद्याचं, म्हणजे कोटपाचं, कलम ६ दोन गोष्टींना मनाई करतं: १८ वर्षांखालच्या मुलाला विकायला आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विकायला. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. टेप तीनदा टाकला की ९० मीटर, वर १ मीटर ४४ सेंटीमीटर.

मोजताना हमखास होणाऱ्या चुका

पहिली चूक फाटकापासून मोजण्याची. नियम सांगतो की अंतर कुंपणाच्या किंवा भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं. फाटक पूर्वेला आणि टपरी दक्षिणेच्या भिंतीला लागून असेल, तर फाटकापासून मोजणाऱ्याला ती १०० यार्डांबाहेर सापडते. शाळेला कुंपणच नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी नकाशा काढा आणि जागेची हद्द तिथून धरा.

दुसरी चूक रस्त्याने चालत मोजण्याची. अंतर त्रिज्येने, म्हणजे सरळ रेषेत धरायचं असतं. मध्ये घरं आली तर टेप सरळ जात नाही. अशा वेळी काटकोनात मिळणाऱ्या दोन बोळांचा आधार घ्या. समजा, कुंपणापासून कोपऱ्यापर्यंत ५५ मीटर आणि कोपऱ्यापासून टपरीपर्यंत ७० मीटर भरले. रस्त्याने १२५ मीटर झाले, म्हणून टपरीवाला निर्धास्त असतो. पण ५५ चा वर्ग ३०२५ आणि ७० चा ४९००, बेरीज ७९२५, तिचं वर्गमूळ ८९. टपरी हद्दीच्या आत आहे. हे गणित सातवी-आठवीच्या मुलांकडूनच करून घ्या, पायथागोरस कशाला शिकायचा ते त्यांना एकदाच कळेल. मोबाइलच्या नकाशावर अंतर बघायला हरकत नाही, पण त्यात काही मीटरचा फरक पडू शकतो. ८५ ते ९८ मीटरच्या पट्ट्यातल्या टपरीसाठी टेपच वापरा.

मोजणी झाली की हद्दीवर पिवळा पट्टा मारा. साधा ऑइल पेंट पहिल्या पावसातच उडतो. पाटण-महाबळेश्वरकडे तर जुलैअखेर खूणही उरत नाही. रस्त्यावर पट्टे मारायचा रंग घ्या आणि डांबर पूर्ण कोरडं असताना मारा. सोबत शाळेबाहेर विक्रीबंदीचा फलक आणि आत ६० बाय ३० सेंटीमीटरचा धूम्रपानबंदीचा फलक लावा. त्यावर तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव लिहिलेलं असलं पाहिजे. ही जागा बहुतेक शाळांत कोरीच असते.

टपरीचा पत्राही मोजा

कंपन्यांचा हात दिसतो तो इथे. विक्रीच्या ठिकाणचा फलक ६० बाय ४५ सेंटीमीटरपेक्षा मोठा नको, वरच्या बाजूला धोक्याची सूचना हवी, ब्रँडचं नाव किंवा पाकिटाचं चित्र नको, दिवे नकोत. आता सांगली स्टँडपासून विश्रामबागेपर्यंत किंवा साताऱ्यात पोवई नाक्यावर चक्कर मारा. अख्खी टपरी एकाच कंपनीच्या रंगात रंगवलेली, कपाळावर एलईडी, आणि पाकिटांची मांडणी चौथीतल्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर, गोळ्या-चॉकलेटच्या बरणीशेजारी.

फलकाचा हा नियम २००५ चा आहे. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली आणि ती सर्वोच्च न्यायालयाने उठवली थेट जुलै २०१३ मध्ये. नियम रद्द झाला नव्हता, नुसता थांबला होता. तंबाखू उद्योगाला अनेकदा एवढंच पुरतं: कायदा हरवायची गरज नसते, तो लांबला तरी माल विकला जातोच.

पाकिटावरच्या ८५ टक्के चित्रमय इशाऱ्याचंही तसंच झालं. तो १ एप्रिल २०१५ ला लागू व्हायचा होता. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला तासगावचे आर. आर. आबा तोंडाच्या कर्करोगाने गेले. पुढच्याच महिन्यात अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी अध्यक्ष असलेल्या संसदीय समितीने इशारा लांबवायला सांगितलं. तंबाखूने कर्करोग होतो असं दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, हे त्यामागचं म्हणणं. समितीत एक खासदार स्वतः बिडी उद्योजक होते. इशारा लागू झाला तो १ एप्रिल २०१६ ला.

टपरीचे फोटो काढताना टेप पत्र्यावर धरून काढा, आकडा वाचता आला पाहिजे. सुतळीला लटकवलेला लायटर दिसला तर त्याचाही फोटो घ्या: तिथे सुटी सिगारेट विकली जाते याची ती खूण. राज्याने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली, कारण सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसतच नाही.

तक्रार कोणाकडे, काय लिहायचं

तंबाखू नियंत्रणाचा जिल्हा कक्ष जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत असतो. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, सांगलीत सिव्हिलमध्ये चौकशी करा. प्रत पोलिस ठाण्याला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. मावा, गुटखा, सुगंधी सुपारी, पानमसाला असेल तर अर्ज वेगळा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे. ती बंदी २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे. दोन्ही विषय एकाच अर्जात घातले की दोन कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. जत-मिरजेसारख्या सीमेलगतच्या तालुक्यांत हे जास्तच सांभाळा.

मजकूर कोरडा ठेवा: "शाळेच्या दक्षिण कुंपणापासून सरळ रेषेत ८९ मीटरवर सिगारेट, बिडी व तंबाखूची विक्री होत आहे. कोटपा कलम ६(ब) चा भंग. तसेच दुकानावर कंपनीच्या नावाचा प्रकाशित फलक असून कलम ५ चा भंग. मोजणीचा तक्ता, फोटो व दोन साक्षीदारांच्या सह्या सोबत." मुलांचं भवितव्य, समाजाचा ऱ्हास वगैरे काही नको.

कलम ५ चा, म्हणजे जाहिरातबंदीच्या कलमाचा, उल्लेख विसरू नका. कलम ६ चा दंड जास्तीत जास्त २०० रुपये. टपरीवाला तो भरतो आणि संध्याकाळी पुन्हा दुकान लावतो. जाहिरातीच्या कलमात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि त्यात फलक पुरवणाराही येतो. म्हणून फलक कोणी लावून दिला हे शोधून लिहा. गरीब माणसाच्या पोटावर पाय आणि वितरक मोकळा, असं होऊ नये. लहान मुलाला तंबाखू दिल्याबद्दल बाल न्याय कायद्याचं कलम ७७ सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं. ते उगाच उगारू नका. प्रत्यक्ष विक्रीचा पुरावा असेल तरच.

खरी चावी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या हातात आहे. टपरी बहुतेकदा सार्वजनिक जागेवर असते, परवानगीत तंबाखूबंदीची अट घालता येते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये राज्यांना सुचवलं आहे की तंबाखू विकणाऱ्यांना स्थानिक संस्थेची परवानगी लागावी आणि त्यांनी बिस्किटं, चिप्स, गोळ्या विकू नयेत.

अशी अट येते म्हटलं की विक्रेत्यांची निवेदनं येतात. पोटापाण्याचं म्हणणं खरंही असतं, ते ऐकून घ्या. पण पाच गावांतल्या पाच निवेदनांत तीच वाक्यं आणि त्याच शुद्धलेखनाच्या चुका असतील, तर ती एकमेकांशेजारी ठेवून ग्रामसभेत वाचा. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये साध्या, म्हणजे ब्रँडच्या रंग-चित्राशिवायच्या, पाकिटांच्या कायद्याविरुद्ध 'अलायन्स ऑफ ऑस्ट्रेलियन रिटेलर्स' या नावाने दुकानदारांची मोहीम निघाली. पैसा सिगारेट कंपन्यांचा होता.

यात्रा, कुस्ती आणि वाचनालयाचा पंखा

जाहिरात बंद झाली की देणगी सुरू होते. कुस्तीच्या मैदानाची कमान, मंडळाचा मांडव, शाळेला पाण्याची टाकी, वाचनालयाला पंखा. कधी नाव तंबाखूचं नसतं, त्याच नावाची इलायची असते. नियमांच्या भाषेत हीसुद्धा अप्रत्यक्ष जाहिरातच. सामाजिक दायित्वाच्या खर्चातही कोटपा मोडता येणार नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं आहे. भारताने २००४ मध्ये मान्य केलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण करारातलं कलम ५.३ तर धोरण ठरवणाऱ्यांना या उद्योगापासून अंतर ठेवायलाच सांगतं. ठराव यात्रेच्या दोन महिने आधी घ्या, पावतीपुस्तकं छापली गेल्यावर नको:

"तंबाखूजन्य पदार्थ बनवणाऱ्या वा विकणाऱ्या कंपनीकडून, तिच्या न्यासाकडून किंवा तिच्या ब्रँडचं नाव वापरणाऱ्या उत्पादनाकडून ग्रामपंचायत, शाळा व यात्रा समिती रोख, वस्तू किंवा प्रायोजकत्व स्वीकारणार नाही. कंपनीच्या प्रतिनिधीशी भेट झाल्यास तिची नोंद इतिवृत्तात होईल."

"न्यासाकडून" हा शब्द गाळू नका, पळवाट तिथूनच निघते.

व्हेपचं काय

२०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं, म्हणजे व्हेपचं, उत्पादन, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. निकोटीन असो वा नसो, 'हर्बल' लिहिलेलं असो, तंबाखू नुसती तापवणारं यंत्र असो, सगळं त्याच व्याख्येत बसतं. विक्रीला पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दप्तरात पेनड्राइव्हसारखं, गोडसर वासाचं काही सापडलं तर मुलाला चव्हाट्यावर आणू नका. विकलं कोणी ते विचारा आणि उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार द्या.

व्हेपने सिगारेट सुटते, मग बंदी कशाला, हा वाद तुमच्यापुढे येईलच. तो सरसकट खोटा नाही. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडवायला व्हेपचा वापर सरकारच करतं. पण तोच माल विकणारे कोण, हेही बघा: अमेरिकेत मार्लबोरो विकणाऱ्या अल्ट्रिया कंपनीने डिसेंबर २०१८ मध्ये जूल या व्हेप कंपनीचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरला घेतला. शिवाय हा वाद आपल्या तोंडात बसतच नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. बार भरणाऱ्या गड्याला आणि सकाळी मशेरी लावणाऱ्या मावशीला व्हेपचा काय उपयोग?

त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे, सिव्हिलमध्ये समुपदेशन आहे आणि औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचं निकोटीन गम मिळतं. ते च्युइंगमसारखं सारखं चघळलं तर उचकी आणि मळमळ होते. झणझणलं की थांबायचं, गालात दाबून ठेवायचं, झणझण ओसरली की पुन्हा थोडं चावायचं; असं अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा बंद. गरोदर बाईने, हृदयविकाराच्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तक्रारीनंतर शांतता पसरली तर

महिनाभर थांबा, मग माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर १५० शब्दांत; राज्याच्या नियमात तशी मर्यादा आहे. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, 'का' ला उत्तर मिळत नाही. मागा ते कागद: अमुक तारखेच्या तक्रारीवरच्या नोंदी, गेल्या वर्षातल्या कलम ५ आणि कलम ६ च्या दंडपावत्यांच्या प्रती, तंबाखू नियंत्रणाच्या जिल्हा समन्वय समितीच्या शेवटच्या दोन बैठकांची इतिवृत्तं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील. पावत्या मिळाल्या तर कलम ५ खालच्या किती आहेत ते आधी मोजा.