घरी वाक्यपृथक्करण शिकवताना या चुका टाळा

माझी भाची चौथीत आहे. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि पुढच्या वर्षी इंग्रजी माध्यम. गोव्यातल्या कितीतरी मुलांची वाट अशीच असते. रोज संध्याकाळी सोप्यावर बसून मी तिचा अभ्यास घेते. तिला वाक्यपृथक्करण, म्हणजे वाक्याचे भाग वेगळे करून ओळखायला, शिकवताना माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्याच आजूबाजूच्या घरांतही होताना दिसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वाक्याच्या सुरुवातीपासून सुरुवात करणे. पहिला शब्द म्हणजे कर्ता, असे मूल धरून चालते. मग ‘मला ताप आला’ या वाक्यात ‘मला’च्या डोक्यावर कर्ता बसतो. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते, म्हणून आधी तिथे बोट ठेवायला लावा. मग धातूला ‘णारा’ जोडून विचारा: येणारा कोण? ‘कोण’ने उत्तर सुचले नाही तर ‘काय’ विचारा. आला काय? ताप. सापडला कर्ता.

दुसरी चूक प्रत्यय पाठ करून घेण्याची. ‘ने दिसला की कर्ता’ असे एकदा शिकवले, की ‘आईने आदोळीने बांगडे कापले’ या वाक्यात मूल अडकते, कारण ‘ने’ दोन ठिकाणी आहे. कापणारी कोण? आई. आदोळी, म्हणजे विळी, हे साधन, ते विधेयविस्तारात, म्हणजे क्रियेबद्दल जास्तीचे सांगणाऱ्या भागात जाईल. मुलाने आईला बांगडे कापताना पाहिलेले असते, त्यामुळे उत्तर त्याला ठाऊकच असते. अडचण प्रत्ययांच्या तक्त्यामुळे होते.

आता ‘मी’कडे येऊ, कारण इथे आपल्या मुलांच्या हाती एक किल्ली आहे आणि आपणच ती काढून घेतो. ‘मी आंबा खातो, मी आंबा खाते’ यात क्रियापद ‘मी’च्या मागे जाते. ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ यात ते आंब्या-पोळीच्या मागे जाते. पण ‘मी’ दोन्हीकडे तसाच दिसतो, म्हणून कर्तरी (क्रियापद कर्त्याच्या मागे) आणि कर्मणी (क्रियापद कर्माच्या मागे) प्रयोगांची गल्लत होते. जुन्या मराठीत कर्मणीत ‘म्यां’ होते, आता ते गेले. कोकणीत मात्र फरक अजून स्पष्ट आहे: ‘हांव आंबो खातां’, पण ‘हांवें आंबो खालो’. मी भाचीला मुद्दाम विचारले, ‘हांव आंबो खालो’ चालेल का? ती लगेच म्हणाली, “मावशे, अशें कोणूच म्हणना!” ‘हांव’चे ‘हांवें’ कुठे होते हे तिने स्वतःच शोधले, आणि त्या दिवसापासून कर्मणी प्रयोग तिला पुन्हा समजवावा लागला नाही. म्हणून ‘मराठीच्या अभ्यासात कोकणी नको’ असे मुलांना सांगू नका. मला हे फार मनापासून वाटते.

आकृती काढायची हौस असेल तर एक घोळ टाळा. अमेरिकेत अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी १८७७ मध्ये रेघांची जी पद्धत मांडली, ती इंग्रजीसाठी होती. आडव्या रेघेवर आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. कर्ता आणि क्रियापद यांच्यामधली उभी रेघ आडव्या रेघेला आरपार छेदते, क्रियापद आणि कर्म यांच्यामधली वरच थांबते. विशेषणे खाली तिरक्या रेघांवर. मराठी वाक्य तिच्यात जसेच्या तसे भरले तर क्रियापद कर्माच्या जागी जाऊन बसते. मराठीसाठी प्रत्येक भागाला एक, असे रकानेच बरे. हे वाक्य घ्या:

धाकट्या काकाने काल संध्याकाळी माटोळीला केळ्यांचा हिरवा घड बांधला.

क्रियापद ‘बांधला’. बांधणारा काका, ‘धाकट्या’ हा उद्देश्यविस्तार, म्हणजे कर्त्याबद्दल जास्तीचे सांगणारा शब्द. बांधले काय? घड, म्हणजे कर्म. ‘केळ्यांचा’ आणि ‘हिरवा’ हा कर्मविस्तार. ‘काल संध्याकाळी’ आणि ‘माटोळीला’ (माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळे-पाने बांधतात ती चौकट) विधेयविस्तारात. कर्माची खात्री करायची तर घडाच्या जागी पाच नारळ ठेवून पाहा. ‘बांधला’चे लगेच ‘बांधले’ होते.

‘दादा पोलीस झाला’ यातला ‘पोलीस’ मात्र कर्म नव्हे. दादा आणि पोलीस एकच माणूस, म्हणून ते विधानपूरक, म्हणजे विधान पुरे करणारा शब्द.

आणि जोडवाक्य आले की रकाने भरायची घाई नको, आधी क्रियापदे मोजा. ‘पोदेर (पाववाला) आला आणि आम्ही पाव घेतले’ यात दोन क्रियापदे आहेत, म्हणून दोन ओळी. ‘पाव संपून गेले’ यात मात्र ‘संपून गेले’ मिळून एकच क्रिया. भाची अजून कधीकधी ‘गेले’ वेगळे काढते. तेव्हा मी खोडत नाही, एवढेच विचारते, “पाव चालत गेले का गं?” ती हसते आणि स्वतःच रबर उचलते.