डीव्हीडीची सबटायटल तिरकी, फाटलेली दिसतायत? माझा अनुभव

आमच्या राजारामपुरीतल्या एका मित्राच्या प्लेअरमधे सबटायटल पहिल्या ओळीला बरी, खाली जाईल तशी बाजूला सरकत जायची, शेवटी नुसते तुकडे. फॉन्ट बदलून, डिले बदलून, दुसऱ्या डिस्क लावून झालं, फॉन्टचा तर संबंधच नव्हता कारण डीव्हीडीत अक्षरं चित्र म्हणून असतात. डोकं लई फिरलं.

शेवटी डीकोडर, म्हणजे डिस्कवरच्या डेटातून सबटायटलचं चित्र बनवणारा प्रोग्रॅम, उघडला. चित्र रन-लेंथनं दाबलेलं असतं, म्हणजे "हा रंग इतके पिक्सेल", आणि कोड 4, 8, 12 किंवा 16 बिटचा. काय केलं ते क्रमानं सांगतो बघा.

आधी 4 बिट वाचायचे. किंमत 4 पेक्षा कमी आली तर आणखी 4 जोडायचे, तरी 16 पेक्षा कमी तर परत 4, तरी 64 पेक्षा कमी तर शेवटचे 4. खालचे 2 बिट रंग, उरलेले लांबी. 16 बिट वाचूनही लांबी 0 आली तर त्या पिक्सेलच्या ओळीच्या टोकापर्यंत तोच रंग भरायचा.

मग खरी मेख: प्रत्येक ओळ संपली की पुढच्या पूर्ण बाइटवर यायचं, अर्धा बाइट उरला असेल तर तो टाकून द्यायचा. डीकोडरमधे हेच नव्हतं! हे घातलं आणि तिरकेपणा गेला.

तरी अक्षरं बुटकी, एकाखाली एक दोनदा दिसत होती. चित्र दोन फील्डमधे, म्हणजे एक सोडून एक ओळींच्या दोन भागांत असतं, आणि दोन्हींचे ऑफसेट (डेटा कुठून सुरू होतो ती जागा) वेगळे असतात, पहिलं 0, 2, 4 ओळींत आणि दुसरं 1, 3, 5 मधे टाकलं, मग झकास.

तपासायला प्रत्येक ओळीतल्या लांब्यांची बेरीज सबटायटलच्या चौकटीच्या रुंदीएवढी येते का बघा.